साभार परत

मनात आलेला विचार कागदावर उतरला की लिहिणाऱ्याचे अर्धे काम होते. उरलेले अर्धे काम वाचकाच्या हाती असते. कविता कोणी वाचली नाही, कथा कोणी ऐकली नाही, तर ती वहीतच राहते. आणि वह्यांना आयुष्य फार नसते. वाळवी, पावसाळ्याची ओल आणि घर बदलताना निघणारी रद्दी यांच्या तावडीतून सुटलेली वही विरळाच. म्हणून नव्याने लिहू लागलेल्या प्रत्येकापुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो : हे लिहिलेले कोठे धाडावे? प्रश्न लहान दिसतो. तथापि मराठी वाङ्मयाचा पुष्कळसा इतिहास याच प्रश्नाची उत्तरे शोधता शोधता घडला आहे.

पिंपरी-चिंचवड नगरीच्या पश्चिमेस पवना नदीच्या परिसरात पुनावळे हे गाव आहे. १९९७ मध्ये ते महानगरपालिकेत सामील झाले. एकेकाळी ज्वारी-बाजरीची शेते जेथे डोलत, तेथे आता उंच इमारती उभ्या आहेत आणि महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून नोकरीधंद्यासाठी आलेली कुटुंबे त्यांत राहतात. या गावातून साहित्याच्या दुनियेकडे जाणारी वाट फार लांबची असेल असे कोणास वाटेल. प्रत्यक्षात ती गावाच्या शेजारूनच सुरू होते. पुनावळ्याच्या उत्तरेस काही मैलांवर इंद्रायणीकाठी देहू आहे, आणि तेथून ईशान्येस चाकण. आज चाकणचे नाव घेतले की मोटारींचे कारखाने डोळ्यांपुढे येतात. परंतु सतराव्या शतकात याच चाकणचे संताजी जगनाडे हे तेलाचा धंदा करणारे गृहस्थ तुकाराममहाराजांचे अभंग ऐकून लिहून ठेवीत असत.

त्या काळी या मुलखात मराठी छापखाना नव्हता, मासिक नव्हते, प्रकाशक नव्हता. तुकोबांचे अभंग कीर्तनात गाइले जात. ऐकणारे ते पाठ करीत आणि आपापल्या गावी नेत. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीच्या डोहात बुडविल्या गेल्या, ही कथा महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. ती कथा सांगणारे हेही सांगतात, की अभंग लोकांच्या मुखी होते म्हणून ते बुडाले नाहीत. पुढे सुमारे दोन शतकांनी, १८६९ पासून, मुंबई सरकारच्या साहाय्याने आणि शंकर पांडुरंग पंडित यांच्या संपादनाखाली तुकोबांची गाथा छापून निघाली. ती छापता आली, याचे कारण तोवर कोणीतरी ऐकले होते, कोणीतरी पाठ केले होते आणि संताजींसारख्या कोणीतरी लिहून ठेवले होते. लेखनाला पहिली जागा मिळते ती ऐकणाऱ्याच्या मनात. छापील पानाचा क्रम त्यानंतर लागतो. नवलेखकाने ध्यानात धरावी अशी ही पहिली गोष्ट होय.

मुद्रणकला आली आणि जागांचे स्वरूप पालटले. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकर यांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केले आणि मराठी वृत्तपत्रांचा आरंभ झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाङ्मयाला वाहिलेली नियतकालिके निघू लागली. जळगावास नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ मध्ये 'काव्यरत्नावली' हे केवळ कवितेचे मासिक काढले. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये 'करमणूक' सुरू केले, तर काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये 'मनोरंजन'. याच 'मनोरंजन'ने १९०९ साली दिवाळीचा खास अंक काढला आणि दिवाळी अंक ही मराठी माणसाची वार्षिक आवड होऊन बसली.

या मासिकांनी किती मोठे काम केले हे केशवसुतांच्या उदाहरणावरून कळते. कृष्णाजी केशव दामले हे शाळामास्तर 'केशवसुत' या नावाने कविता लिहीत. आज त्यांना आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणतात. पण १९०५ मध्ये त्यांचा अंत झाला तेव्हा त्यांच्या नावावर एकही काव्यसंग्रह नव्हता. त्यांच्या कविता 'करमणूक', 'काव्यरत्नावली' यांसारख्या नियतकालिकांतून विखुरलेल्या होत्या. त्या गोळा करून त्यांचे पुस्तक पुढे सिद्ध झाले ते हरि नारायण आपटे यांच्या खटपटीमुळे. ती मासिके नसती तर गोळा करावयास उरले असते तरी काय? मासिकाचे पान दोन-चार आण्यांच्या अंकाचे असेल, पण त्याच पानाने एका कवीला काळाच्या पलीकडे पोहोचविले.

छापील पानाखेरीज सभेचे व्यासपीठ हीही एक जागा होती. १९०७ मध्ये जळगावास कवींचे संमेलन भरले. धरणगावास जन्मलेल्या, जेमतेम सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या मुलाने तेथे आपली कविता म्हटली. संमेलनाचे अध्यक्ष कर्नल डॉ. कीर्तिकर यांनी त्या मुलाला 'बालकवी' ही पदवी दिली, आणि महाराष्ट्र त्याला त्याच नावाने ओळखू लागला. वय लहान आहे म्हणून संमेलनाने त्याला मागे सारले नाही, आणि वय लहान आहे म्हणून तोही मागे राहिला नाही.

कारखान्यांच्या गावात साहित्य कोठून उगवणार, अशी शंका कित्येकदा घेतली जाते. तिचे उत्तर किर्लोस्करवाडीने दिले आहे. सांगलीच्या बाजूस माळरानावर वसलेल्या या गावात लोखंडी नांगर तयार होत. गिऱ्हाइकांना आणि हितचिंतकांना कारखान्याची हकीकत कळावी, यासाठी शंकरराव किर्लोस्कर यांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' नावाचे पत्र काढले. त्यात हळूहळू लेख आले, गोष्टी आल्या, कविता आल्या. आणि नांगरांची खबर देणारे ते पत्र पुढे 'किर्लोस्कर' या नावाने घरोघर वाचले जाणारे मासिक बनले. त्याच्या जोडीला १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही मासिके निघाली. अनेक लेखक-लेखिकांचे लेखन या मासिकांतून प्रथम महाराष्ट्रापुढे आले. नांगराच्या कारखान्याने वाङ्मयाची शेती केली, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

पिंपरी-चिंचवडही कारखान्यांची नगरी आहे. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. पुढील दशकात टेल्को आली आणि तिच्यामागून शेकडो लहानमोठे उद्योग आले. टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या कामगार-कर्मचाऱ्यांच्या 'कलासागर' या संस्थेने आपला दिवाळी अंक काढण्याची प्रथा पाडली. यंत्रावर काम करणाऱ्या हातांनी लेखणीही धरावी, ही परंपरा या भूमीत अशी रुजलेली आहे. याच नगरीत कवी नारायण सुर्वे यांच्या नावाने एक साहित्य-कला अकादमी काम करते. सुर्वे यांना तान्ह्या वयात गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने उचलून घरी आणले आणि वाढविले. मुंबईच्या कामगारवस्तीत वाढलेला, शाळेत शिपायाचे काम केलेला, पुढे शिक्षक झालेला हा माणूस कामगारांच्या सभांतून कविता म्हणत असे. १९६२ मध्ये त्यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' हा पहिला संग्रह निघाला आणि १९९५ मध्ये परभणीच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्याच संमेलनाचे एकोणनव्वदावे अधिवेशन जानेवारी २०१६ मध्ये श्रीपाल सबनीस यांच्या अध्यक्षतेखाली पिंपरी-चिंचवडमध्ये भरले होते.

आता पुनावळ्यातील एखाद्या आठवीतल्या मुलीची कल्पना करावी. तिचे वडील चाकणच्या कारखान्यात रात्रपाळीला जातात. पहाटे कारखान्याची बस कोपऱ्यावर थांबते, तेव्हा घरातला दिवा लागतो. या विषयावर तिने सोळा ओळींची कविता लिहिली आहे. ही कविता तिने कोठे न्यावी?

पहिले ठिकाण घर आणि शाळा. कविता मोठ्याने वाचून दाखवावी. ऐकणारा कोठे अडखळतो, कोठे दुसरीकडे पाहू लागतो, कोठे मान डोलावतो, हे पाहावे. आईने आणि बाईंनी केलेली स्तुती गोड असते. पण एखादा वर्गमित्र 'ही ओळ मला कळली नाही' असे म्हणतो, तेव्हा तो अधिक उपयोगाचा असतो. त्यानंतर शाळेचे भित्तिपत्रक, हस्तलिखित आणि वार्षिक अंक येतात. हस्तलिखिताला कोणी कमी लेखू नये. सुवाच्य अक्षर, नेमका शब्द आणि ठरलेल्या दिवशी लेखन देण्याची शिस्त यांचे धडे तेथेच मिळतात. गावातील गणेशोत्सवाच्या किंवा यात्रेच्या स्मरणिका, वाचनालयाचे अंक हीदेखील जवळचीच दारे आहेत.

दुसरे ठिकाण साहित्यिकांचा मेळावा. महाराष्ट्र साहित्य परिषद ही संस्था १९०६ मध्ये पुण्यात स्थापन झाली. तिची एक शाखा पिंपरी-चिंचवडमध्ये आहे. अशा संस्थांच्या काव्यवाचनास आधी श्रोता म्हणून जावे. इतरांच्या दहा कविता मनापासून ऐकल्यावर आपली अकरावी कशी वाचावी, हे आपोआप उमगते.

तिसरे ठिकाण नियतकालिके. दैनिकांच्या मुलांसाठीच्या पुरवण्या असतात. बालभारतीने १४ नोव्हेंबर १९७१ पासून 'किशोर' हे मासिक मुलांसाठी चालविले आहे. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेले 'साधना' साप्ताहिक बालकुमारांसाठी दिवाळी अंक काढते. वय आणि लेखन वाढेल तसतशी मोठ्यांची मासिके, त्रैमासिके आणि दिवाळी अंक यांचीही दारे ठोठावता येतात. दिवाळी अंक शरदात निघत असले तरी त्यांची जुळवाजुळव पावसाळ्याच्या आरंभीच होऊ लागते. आश्विनात धाडलेली कथा कितीही चांगली असली, तरी त्या वर्षीची गाडी तोवर निघून गेलेली असते.

येथे अनेक नवलेखक एक चूक करतात. नियतकालिकांच्या पत्त्यांची यादी मिळवून ते एकच कविता दहा ठिकाणी धाडतात. त्यांपैकी एकाही ठिकाणचा अंक त्यांनी वाचलेला नसतो. प्रत्येक नियतकालिक हे एका विशिष्ट वाचकवर्गाचे घर असते. कोणी ग्रामीण कथेला आपले मानतो, कोणी विनोदाला. कोणास दीर्घकथा हवी असते, तर कोणाजवळ कवितेसाठी केवळ एक चौकट असते. व्यंकटेश माडगूळकर यांची 'माणदेशी माणसे' १९४९ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. त्यापूर्वी ती व्यक्तिचित्रे 'मौज' साप्ताहिकाच्या वाचकांपुढे आली होती. दुष्काळी माणदेशातली ही साधी माणसे मुंबईच्या साप्ताहिकात शोभून दिसली, कारण नवे अनुभव कुतूहलाने वाचणारा वाचकवर्ग त्या साप्ताहिकाने जमविलेला होता. म्हणून ज्या अंकात आपले लेखन यावे असे वाटते, त्याचे निदान तीन-चार अंक वाचनालयात बसून आधी वाचावेत. जो अंक वाचावासा वाटत नाही, त्यात छापून येण्याची हाव कशाला धरावी?

लेखन धाडण्याचेही काही नियम आहेत. मजकूर स्वच्छ असावा. हाताने लिहिल्यास कागदाच्या एकाच बाजूस, समास सोडून लिहावा. संगणकावर असल्यास युनिकोड अक्षरात टंकित करावा. शुद्धलेखन पुन्हा पुन्हा तपासावे. शेवटी आपले नाव व पत्ता लिहावा. विद्यार्थ्याने इयत्ता आणि शाळेचे नावही लिहावे. सोबतचे पत्र चार ओळींचे पुरे. त्यात स्वतःची स्तुती नसावी, संपादकाचीही नसावी. लेखन स्वतःचे असून पूर्वी कोठे प्रसिद्ध झालेले नाही, एवढे स्पष्ट सांगावे. भ्रमणध्वनीवरून शेकडो लोकांकडे फिरलेली कविता पुष्कळ संपादक अप्रकाशित मानीत नाहीत, हे विसरू नये. दुसऱ्याच्या चार ओळी आपल्या नावाने धाडणे ही सरळसरळ चोरी होय. ती उघडकीस आली की त्या नावाची पत पुन्हा मिळत नाही. एक रचना एका वेळी एकाच ठिकाणी धाडावी, तिची स्थळप्रत जवळ ठेवावी, आणि काय, कोठे, कोणत्या दिवशी धाडले याची एक नोंदवही करावी. तीन महिने वाट पाहून उत्तर आले नाही तर विनयाने स्मरणपत्र लिहावे.

मग एके दिवशी उत्तर येते, आणि पुष्कळदा त्यावर दोन शब्द असतात : 'साभार परत'. पूर्वी लेखक लेखनासोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले व तिकीट लावलेले पाकीट धाडीत असे. पोस्टमनने तेच पाकीट परत आणून दिले की आत काय आहे ते न उघडताच कळे. आज नकार ईमेलने येतो, किंवा मौनानेच येतो. त्या मौनाचा दंश पाकिटाहून कमी नसतो. कित्येक मुले येथेच लेखणी खाली ठेवतात. 'आपल्याला लिहिता येत नाही' असा निकाल ती स्वतःच देऊन मोकळी होतात.

वास्तविक त्या दोन शब्दांचा अर्थ नीट पाहावा. 'साभार' म्हणजे आभारांसह. संपादकाने लेखकाचे आभार मानले आहेत. लेखन तेवढे परत केले आहे. परत येण्याची कारणे अनेक असतात. अंक भरलेला असतो, त्याच विषयावरची दुसरी कविता आधीच स्वीकारलेली असते, मजकूर त्या घराला न शोभणारा असतो, आणि कधी कधी तो खरोखरीच कच्चा असतो. नकार आला म्हणजे आपल्या अंगी गुण नाही असा त्याचा अर्थ होत नाही. आणि प्रत्येक संपादक आंधळा आहे असाही होत नाही. कविता आठ दिवस बाजूस ठेवावी, मग परक्याची म्हणून वाचावी. कच्ची वाटली तर सुधारावी. पक्की वाटली तर दुसऱ्या ठिकाणी धाडावी.

चांगला संपादक नकारातूनही शिकवितो. १९३३ ते १९८२ पर्यंत चाललेल्या 'सत्यकथा' मासिकाचा या बाबतीत मोठा लौकिक होता. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे त्याचे संपादक लेखन बारकाईने वाचीत. नवलेखकांना सविस्तर पत्रे लिहून कथा कोठे सैल पडली ते दाखवीत. अशा एका पत्रासाठी लेखक पुनःपुन्हा लिहीत. ज्याला परत आलेल्या लेखनासोबत दोन ओळींची सूचना मिळाली, त्याने ती छापील पानाइतकीच मोलाची मानावी.

तथापि असेही घडते की एखाद्याच्या लेखनाला चालू घरांपैकी कोणतेच घर आपले म्हणत नाही. भाषा निराळी असते, अनुभव निराळा असतो, आणि तो ऐकण्याची सवय त्या घरांना झालेली नसते. अशा वेळी काहींनी नवी घरे बांधली. १९५० च्या दशकाच्या मध्यास अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ या तरुण कवींनी 'शब्द' नावाचे अनियतकालिक काढले. छापखान्याचा खर्च परवडत नव्हता, म्हणून ते चक्रमुद्रित केले जात असे. १९६० च्या दशकात अशा अनियतकालिकांची एक चळवळच उभी राहिली. त्याच दशकाच्या अखेरीस डॉ. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, 'अस्मितादर्श' हे नियतकालिक उभे केले. ज्यांच्या दुःखाला तोवर छापील पान मिळत नव्हते, अशा दलित लेखक-कवींच्या पिढ्या त्याच्याभोवती घडल्या. या साऱ्यांनी जागा मिळत नाही म्हणून रडत बसण्याऐवजी चार मित्र आणि चार रिमे कागद जमविले. वर्गातील पाच जणांनी मिळून काढलेले हस्तलिखित हे त्याच जातीचे असते.

छापून येण्याच्या उत्कंठेचा गैरफायदा घेणारेही असतात, हे सांगणे भाग आहे. 'आपली कविता प्रातिनिधिक संग्रहासाठी निवडली आहे. इतके शुल्क भरा, सन्मानचिन्ह व प्रमाणपत्र मिळेल,' अशी पत्रे नवलेखकाला येतात. शुल्क भरील त्या प्रत्येकाची कविता तेथे निवडली जाते. मग निवड ती कसली? ते पुस्तक बहुधा त्यातील कवींखेरीज कोणी विकत घेत नाही. स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणे हा काही अपराध नव्हे. मात्र तो व्यवहार आहे हे ओळखून, प्रती किती, वितरण कोण करणार, हे कागदावर घेऊन तो करावा. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ती ठाऊक नसल्यामुळे कित्येक जण उगाच खर्चात पडतात.

लेखकाचा हक्क हीही जाणून घ्यावयाची बाब आहे. १९५७ च्या कायद्यानुसार मौलिक लेखनावर लेखकाचा स्वामित्वहक्क ते लिहिले गेल्यापासूनच असतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. साहित्यकृतीच्या बाबतीत हा हक्क सामान्यतः लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. मासिकात एकदा कविता छापू देणे आणि तिचे सर्व हक्क कायमचे लिहून देणे, यांत मोठे अंतर आहे. विद्यार्थ्याने वडीलधाऱ्यांना आणि शिक्षकांना दाखविल्यावाचून कोणत्याही कागदावर सही करू नये.

एवढी खटपट कशासाठी, असे कोणी विचारील. मानधन थोडे, कीर्ती अनिश्चित, नकार मात्र ठरलेले. याचे उत्तर खानदेशातील एका शेतकरी स्त्रीच्या आयुष्यात सापडते. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जळगावास घरकाम आणि शेतकाम करता करता त्या अहिराणीच्या वळणाच्या आपल्या लेवा बोलीत गाणी रचीत आणि गात. त्यांचे पुत्र सोपानदेव, जे स्वतः कवी होते, आणि आप्त पीतांबर चौधरी यांनी त्यांपैकी काही गाणी लिहून घेतली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली. अत्र्यांनी तिचे मोल तत्काळ ओळखले आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. साऱ्या महाराष्ट्राने ते डोक्यावर घेतले. पाहावयास बहिणाबाई मात्र नव्हत्या.

चाकणच्या संताजींनी जे तुकोबांसाठी केले, तेच सोपानदेवांनी आपल्या आईसाठी केले. जी गाणी टिपली गेली ती उरली. जी जात्याच्या घरघरीत आणि शेताच्या बांधावर विरून गेली, ती आता कोणत्याही संपादकाला शोधून सापडणार नाहीत. परत आलेली कविता निदान हातात असते. ती सुधारता येते, पुन्हा धाडता येते, मित्राला वाचून दाखविता येते. कधीच कोणाला न दाखविलेल्या कवितेच्या नशिबी यांतले काहीही नसते.

स्वाध्याय

१. 'लेखनाला पहिली जागा मिळते ती ऐकणाऱ्याच्या मनात,' हे विधान पाठातील दोन उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करा.
२. 'किर्लोस्कर खबर' हे पत्र कशासाठी निघाले आणि पुढे त्याचे रूप कसे पालटले?
३. 'साभार परत' या शब्दांचा अर्थ सांगा. लेखन परत येण्याची कोणती कारणे पाठात दिली आहेत?
४. 'शब्द' आणि 'अस्मितादर्श' यांच्या चालकांपुढे कोणती अडचण होती? त्यांनी तीतून मार्ग कसा काढला?
५. वाचनालयातील एखाद्या मासिकाचे तीन अंक वाचा. ते कोणत्या वाचकांसाठी निघते, त्यात कोणत्या प्रकारचे लेखन येते, ते दहा ओळींत लिहा.
६. आपली एखादी कविता किंवा गोष्ट त्या मासिकाकडे धाडावयाची आहे असे समजून संपादकांना चार ओळींचे पत्र लिहा.
७. आपल्या घरातील किंवा शेजारील एखाद्या वृद्ध व्यक्तीला येणारी ओवी, गाणे किंवा गोष्ट ऐकून जशीच्या तशी लिहून घ्या आणि वर्गाच्या हस्तलिखितात त्यांच्या नावासह समाविष्ट करा.